नदी उजव्या हाताला

मझौलीत कॅम्परव्हॅन आणून उभी केली की काय होतं, ते सांगते. आधी पोरं जमली, मग त्यांचे आजोबा जमले, आणि शेवटी मटाराच्या गाडीवरून उतरलेल्या एकानं आमच्या ह्यांना अगदी काळजीनं विचारलं, ‘‘मास्साब, ॲम्ब्युलन्स किसके लिए?’’ हिवाळ्यात मटार आणि बारा महिने कलचुरींच्या काळातलं वराहाचं देऊळ, एवढ्यावर आमचं गाव ओळखलं जातं. आत बिछाना, शेगडी आणि बेसिन बसवलेली जुनी ट्रॅव्हलर कुणी फिरण्यासाठी घेतली असेल, हे त्याच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं.

मूळ खूळ बेटाचं. मुलगा क्राइस्टचर्चला असतो. त्यानं आणि सूनबाईंनी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाला असल्याच गाडीतून वळसा घातला आणि रोज नव्या तळ्याकाठच्या चहाचे फोटो पाठवले. ह्यांनी ते मनावर घेतलं. पण मध्य प्रदेशाला समुद्र नाही, आणि वळसा घालायचा तर मधे काहीतरी हवं. आमच्याकडे मधे नर्मदा आहे. आइसलँडभोवतीचा प्रसिद्ध रिंगरोड साधारण तेराशे किलोमीटरचा; नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर. तिला काठ दोन, म्हणजे आमचा वळसा दुप्पट. मास्तरांना हे गणित इतकं आवडलं की पुढचं सगळं ठरल्यासारखंच झालं.

नर्मदेच्या परिक्रमेहून आलेल्या माणसाकडून लोकांना चमत्कार ऐकायचे असतात. माझ्याकडे आहेत त्या अशा किरकोळ नोंदी.

१. प्रवासाची आखणी म्हणजे ठिकाणांची यादी, हा माझा समज पहिल्याच संध्याकाळी गेला. इथे यादीच्या आधी नियम येतो: नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही. उत्तर तटावरून निघालात तर उगमाकडे जायचं, दक्षिण तटावरून निघालात तर समुद्राकडे. आम्ही जबलपूरच्या ग्वारीघाटावर कढई केली, कुमारिकांना शिरा वाढला, बाटलीत मैयाचं पाणी भरून घेतलं. हा उत्तर तट, तेव्हा आधी मंडला आणि अमरकंटक, तिथून वळून दक्षिण तटानं पार समुद्र, आणि मग परत. आधी महेश्वर की आधी ओंकारेश्वर हे घरातले वाद त्या एका नियमानं मिटवून टाकले. सोबत आलेल्या भाच्यानं फोनवर रस्ता लावला. त्या नकाशात टोल टाळायची सोय आहे, महामार्ग टाळायची आहे, फेरीबोटसुद्धा टाळता येते. पूल तेवढे टाळता येत नाहीत. त्यातली बाई थोड्या थोड्या वेळानं गोड आवाजात आम्हाला परिक्रमा मोडायला सांगायची. शेवटी ह्यांनी वहीच्या समोरासमोरच्या पानांवर दोन्ही तटांची गावं लिहून काढली: नर्मदापुरम इकडे तर बुधनी तिकडे, हंडिया इकडे तर नेमावर तिकडे. मोरटक्क्याला ब्रेकमधून आवाज यायला लागला तेव्हा एकानं पुलापलीकडे बडवाहला चांगला मेकॅनिक असल्याचं सांगितलं. दहा मिनिटांचा रस्ता, म्हणाला. आम्हाला तो समुद्राला वळसा घालून होता.

२. गाडीत जे हौसेनं बसवलं ते वापरलं गेलं नाही, आणि जे शेवटच्या क्षणी कोंबलं त्यावर प्रवास झाला. जबलपूरच्या सुताराकडून घडीचं टेबल करून घेतलं होतं. त्यावर अख्ख्या प्रवासात औषधांचा डबा बसला. छतावर सोलर, खाली बॅटरी, कप्प्याकप्प्यांत एलईडी. ह्यांपैकी फोन आणि पंखा सोडला तर कुणाला काही लागलं नाही. लागलं ते काय? प्लॅस्टिकची बादली, पाट, मच्छरदाणी, नायलॉनची दोरी, पाच किलोचा सिलिंडर, आणि दरवाजाला लावायचा जुन्या साडीचा पडदा. घाटावर अंघोळ करून आलेल्या बाईला ओले कपडे बदलायला आडोसा लागतो, हे गाडी तयार करणाऱ्या कुठल्याही पुरुषाला सुचलं नव्हतं. संध्याकाळी तर आमच्या पडद्यामागे ओळखदेख नसलेल्या बायकांची रांग लागायची. एक मात्र सांगते, गाडीची रचना बदलली की आरटीओची परवानगी आणि नोंदणीपुस्तकात तशी नोंद लागते. त्यात गेलेला वेळ हा प्रवासाचाच भाग धरावा. आणि अमरकंटकला थंडीत काचा पूर्ण बंद करून झोपू नये. पहाटे आमच्याच श्वासांचं पाणी छतावरून टपटप गळायला लागलं. हजार मीटरवरची थंडी ती! ‘‘उगम इथेच आहे,’’ ह्यांनी गोधडीतून जाहीर केलं.

३. घरापासून सगळ्यात लांब मी घराजवळच होते. अमरकंटकहून दक्षिण तटानं परत येताना बरगीनंतर जबलपूर पुन्हा येतं, फक्त नदीच्या दुसऱ्या बाजूनं. तिलवाऱ्याचा पूल समोर. त्यावरून गेलं की अर्ध्या तासात नणंदेचं घर, गरम पाणी, मऊ गादी. त्यात माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आलेल्या. नणंदेला फोन केला तर तिनं गोळ्या आणल्या, वर ताज्या मटाराची करंजी आणली, आणि पूल ओलांडून आमच्यासमोर येऊन उभी राहिली. आम्ही अलीकडच्या टपरीवर चहा प्यायलो. ती परत पुलावर गेली, आम्ही गोटेगावच्या रस्त्याला लागलो. परदेशी मुलाला निरोप देताना विमानतळावर मी कधी रडले नाही. तिलवाऱ्याला रडू आलं, आणि ते कशाचं हे मला अजून नीट सांगता येत नाही.

४. स्वयंपूर्ण असण्याचा ताठा नर्मदेच्या काठावर फार टिकत नाही. न्यूझीलंडमध्ये अशा गाडीतून सरकारी मोकळ्या जागी मुक्काम करायचा तर सहसा गाडीत स्वतःचं शौचालय आणि सांडपाण्याची टाकी असल्याचं प्रमाणपत्र लागतं. कुणाला तोशीस नको, कुणाकडे मागणं नको. आम्हीही तशाच ऐटीत निघालो होतो. इकडे गाडी उभी राहिली रे राहिली की कुणीतरी ‘नर्मदे हर’ म्हणत पुढे येतं आणि चहा विचारतं. नाही म्हटलं तर त्या माणसाचा चेहरा उतरतो. परिक्रमावासीला पीठ, डाळ, तांदूळ असा शिधा देण्याची, म्हणजे सदाव्रताची, रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि देणारी घरं बहुतेकदा घेणाऱ्यांपेक्षा गरीब असतात. बरमानच्या अलीकडे एका म्हातारीनं शेणानं सारवलेल्या ओसरीवर मला बसवलं, पितळीत काळा गुळाचा चहा ओतला, आणि आमच्या गाडीकडे पाहून विचारलं, ‘‘इसमें चूल्हा भी है?’’ आहे म्हटल्यावर तिनं मान हलवली आणि तरीही पदरातला मूठभर शेंगदाण्यांचा पुडा माझ्या हातावर ठेवलाच.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, आणि ते आमच्या ओळखीच्या अनेकांना आवडत नाही. पायी चालणाऱ्यांच्या पायाला फोड आलेले असतात, पाठीवर पडशी असते, रात्रीचा निवारा लागतो, सदाव्रत त्यांचं. डिझेलच्या टाकीवर चालणाऱ्यांनी आश्रमात पंगतीला बसायचं असेल तर तितका शिधा आधी कोठीत घालावा. पंधरा-वीस दिवसांत बसनं परिक्रमा करवून आणणाऱ्या सहली आता भरपूर निघतात. एका आश्रमात अशा दोन बस एकाच वेळी टेकल्या आणि मागून आलेल्या पायी मंडळींना ओसरीची कडासुद्धा मिळाली नाही. त्या रात्री आमच्या गाडीत अमरावतीकडच्या दोघी झोपल्या आणि आम्ही बाहेर मच्छरदाणीत. गाडीचा सगळ्यात चांगला उपयोग तो तेवढा झाला.

५. बेटाचं खूळ घेऊन निघालेल्या माणसाला नर्मदेनं एकेक बेट दाखवलं आणि एकावरही पाय ठेवू दिला नाही. प्रवाह ओलांडल्याशिवाय बेटावर जाता येत नाही, आणि प्रवाह तर ओलांडायचा नाही. ओंकारेश्वरचं ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे. परिक्रमावासी दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचं दर्शन घेतात आणि समोरच्या ओंकाराला लांबूनच हात जोडतात. हे पुस्तकात वाचणं वेगळं. मी पुलाच्या तोंडाशी उभी होते, भाविकांचा लोंढा मला ढकलत पुढे चालला होता, एका बाईनं तर ‘‘चलो माताजी, रुक क्यों गईं?’’ म्हणत माझं कोपर धरलं. समोर देवळाचं शिखर, वर डोंगरावर २०२३ मध्ये उभा राहिलेला शंकराचार्यांचा १०८ फुटी पुतळा, मधे पाणी. एवढ्या लांब येऊन हे काय, असं वाटून चिडचिड झाली, ती लपवत नाही. मग ममलेश्वराच्या घाटावर बसून राहिले. नावा येत होत्या, जात होत्या. एक पुजारी छत्री उलटी धरून नारळाच्या करवंट्या गोळा करत होता. उन्हं कलली तशी बेटाच्या खडकाची कड आधी तांबूस, मग जांभळी झाली. आत गेले असते तर रांग, गाभारा आणि चपलांचं टोकन, एवढंच पाहिलं असतं. बेट दिसतं ते काठावरून.

गुजरातेत १८२ मीटर उंचीचे सरदार पटेल साधू बेटावर उभे आहेत. त्यांनाही लांबूनच नमस्कार. भरूचजवळचा कबीरवड बेटावर, महेश्वरचं बाणेश्वराचं इवलं देऊळ भर प्रवाहात. तोवर आम्ही सरावलो होतो. तिकीट काढून आलेल्या पर्यटकांना भाचा आपणहून समजवायचा, ‘‘हमारा मना है,’’ आणि त्यात कुठेतरी अभिमान असायचा.

६. आपण अनोळखी मुलखात फिरतोय असं वाटत असताना कुणीतरी मराठीत बोलायचं. दक्षिण तटावर सनावदपासून आत रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांची समाधी आहे; १७४० च्या एप्रिलात ते तिथेच गेले. वाट विचारायला थांबलो तर तिथे पुण्याची एक टोळी मोटरसायकलींवर. महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर नाशिकच्या बायका भजन म्हणत बसलेल्या. उत्तर तटावर नारेश्वरला रंगअवधूत महाराज आणि गरुडेश्वरला त्यांचे गुरू, माणगावचे टेंबेस्वामी, ज्यांनी १९१४ मध्ये तिथे देह ठेवला. गुजरातेत मधोमध गुरुचरित्राचे अध्याय ऐकू येतात तेव्हा आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होतं. पायी चालणाऱ्या मराठी मंडळींत जगन्नाथ कुंट्यांचं परिक्रमेवरचं पुस्तक वाचून निघालेले इतके भेटले की मी मोजायचं सोडलं. जबलपूरकर म्हणून मी मात्र सगळ्यांना अमृतलाल वेगडांबद्दल सांगत सुटायचे: चित्रकलेचा मास्तर, पन्नाशीला टेकल्यावर १९७७ मध्ये जबलपूरहून मंडल्याकडे चालत निघाला आणि पुढे कितीतरी वर्षं सुट्ट्यांत तुकड्यातुकड्यानं नर्मदा चालला. ‘‘तुम्ही पायी का नाही?’’ हा प्रश्न त्याच्यामागोमाग यायचा. मग मी गुडघे दाखवायचे.

७. सहा फूट रुंदीच्या गाडीत दोन माणसं, एक भाचा आणि एक भिजलेलं धोतर मावतं. पाचवं काही मावत नाही. राग तर अजिबातच नाही, कारण दार आपटून जायला दुसरी खोली नसते. ह्यावर एवढंच.

८. गाडीतून नर्मदा फार कमी दिसते. हे कुणी आधी सांगत नाही. पायवाट नदीला धरून जाते, डांबरी रस्ता आपल्या सोयीनं जातो. कधी कधी दिवसच्या दिवस नदी उजवीकडे ‘आहे’ एवढंच कळायचं. त्यात जुनी वाट पुष्कळ ठिकाणी पाण्याखाली आहे. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर, अशी एकापाठोपाठ धरणं झाली आणि घाट, देवळं, गावं बुडाली. ज्या शूलपाणीच्या झाडीत भिल्ल परिक्रमावासींना नेसत्या वस्त्रानिशी सोडायचे म्हणून इतक्या कथा आहेत, तिथला मूळ काठ आज सरदार सरोवराच्या पोटात आहे. शूलपाणेश्वराचं देऊळ गोरा गावी नव्यानं बांधलं. गाड्या बडवानीवरून खेतिया, शहादा, प्रकाशा असा वळसा घेतात, आणि प्रकाशाला जी नदी भेटते ती तापी. नंदुरबारच्या ढाब्यावर ठेचा-भाकरी खाताना ह्यांनी विचारलं, ‘‘आत्ता मैया कुठे?’’ भाच्यानं उत्तरेच्या डोंगरांकडे बोट केलं. तिच्या काठची कितीतरी माणसं घरं सोडून भलतीकडे वसवली गेली. आम्ही निदान परत काठावर येणार होतो.

९. संकल्प माणसांचा असतो, गाडीचा नसतो, हे समुद्राशी कळलं. दक्षिण तट विमलेश्वराला संपतो. तिथून नावेनं खाडी पार करून उत्तर तटावर मिठी तलाईला उतरायचं. तिथे नदी संपून समुद्र झालेला असतो, म्हणून ते ओलांडणं धरत नाहीत. गाडी अर्थातच नावेत बसत नाही. भाच्यानं संकल्प केलेला नव्हता, त्यामुळे तो अंकलेश्वरवरून भरूचच्या पुलानं गाडी घेऊन गेला. तिथला जुना गोल्डन ब्रिज १८८१ चा. तो बघायला मिळाला म्हणून स्वारी खूश. आम्ही दोघं एक पिशवी आणि मैयाची बाटली घेऊन धर्मशाळेत भरतीची वाट पाहत पडलो. नाव भरतीवर सुटते, घड्याळावर नाही. रात्री कधीतरी हाक आली. चिखल घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. मागच्या काकांची चप्पल त्यात गेली ती गेलीच. नावेत सगळे गुडघ्याला गुडघा लावून फळीवर बसलेले, इंजिनाचा धूर नाकात, कुणीतरी नर्मदाष्टक सुरू केलेलं. मध्यावर नावाड्यानं इंजिन हळू केलं, सगळ्यांनी बाटलीतलं थोडं पाणी समुद्राला दिलं आणि तिथलं थोडं भरून घेतलं. मी ते चाखलं. खारट, दुसरं काय असणार!

बेसिन, बॅटरी, घडीचं टेबल, सगळं पलीकडे गेलेलं. ह्यांच्याजवळ टॉर्च होता, माझ्याजवळ रक्तदाबाच्या गोळ्या. उजाडता उजाडता दहेजच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या आणि काठावर चहाचे ग्लास घेतलेला भाचा.

१०. फेरी पूर्ण झाली की नियम सुटतात, आणि ते सुटणं सगळ्यात चमत्कारिक वाटतं. ग्वारीघाटावर पुन्हा कढई केली, नावेत बसून सहज पलीकडच्या गुरुद्वाऱ्यापर्यंत जाऊन आलो, आणि मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं. बाटलीतलं पाणी ओंकारेश्वराला वाहायचं असतं, त्यासाठी पुन्हा गेलो. आता पूल ओलांडायला मोकळीक होती. मांधाता बेटाला वळसा घालणारी वाट साधारण सात किलोमीटरची आहे, पायऱ्यांची आणि चढउताराची. कॅम्परव्हॅन वाहनतळावर उभी करून, गुडघ्यांना पट्टे बांधून, आम्ही बेटाचा वळसा चालत घातला. फोटो क्राइस्टचर्चला पाठवला. ‘‘व्हॅन कुठाय?’’ चिरंजीवांनी विचारलं.

तुम्ही गाडीनं जायचं ठरवत असाल तर चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी एकादशीनंतर निघा. उशीर केलात तर निमाड उन्हानं भाजून काढतो. विमलेश्वराच्या नावेसाठी हातात मोकळे दिवस ठेवा. गाडी घाटावर धुऊ नका, साबण नदीत नेऊ नका, आणि संडासाची टाकी काठापासून लांब, नगरपालिकेला विचारून रिकामी करा. निघताना पीठ, डाळ आणि गूळ स्वतःला लागतो त्याच्या दुप्पट घ्या आणि वाटेतल्या आश्रमांच्या कोठीत घालत जा. संध्याकाळी पाठीवर पडशी घेतलेलं कुणी थकून चाललेलं दिसलं तर गाडीत बसायचा आग्रह मात्र करू नका, त्यांना ते चालत नाही. फक्त थांबा, पाणी द्या आणि पुढचा आश्रम किती लांब आहे ते खरं खरं सांगा.